दिवेलागणीची लाली

“किती रक्त काढता हो! उसाचं गुऱ्हाळ आहे का हे?”

सुरुची हे बोलली ते मराठीत, आणि अगदी बिनधास्त. लखनौच्या इस्पितळात रक्त तपासणीच्या खिडकीशी मराठी कळणार होतं कुणाला? पण शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी फिसकन हसलं... तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, कोपराच्या खाचेत कापूस दाबून बसलेला एक तरुण.

“गुऱ्हाळात निदान लिंबू तरी पिळतात,” तो म्हणाला. “मी सत्यजित. साताऱ्याचा. मित्राच्या आईसाठी रक्त द्यायला आलो होतो. तुम्हाला काय झालंय?”

“तेच तर! कुणालाच कळत नाहीये, म्हणून सगळेच टोचतायत.”

ती हसत म्हणाली खरी, पण ते हसणं वरवरचं होतं. विसाव्या वर्षी बी.एस्सी.चं कॉलेज सोडून घरी बसायला कुणाला आवडतं? चौऱ्याण्णव सालचा ऑक्टोबर. दोन महिने झाले, रोज संध्याकाळी ताप फणफणून चढायचा आणि सकाळी घाम येऊन शहाण्यासारखा उतरायचा. गुडघे, मनगटं सुजायची, घसा खवखवायचा. एका डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यांनी टी.बी.ची औषधं सुरू केली. एअर फोर्समधले बाबा आता तिला पुण्याला मामाकडे पाठवायचं म्हणत होते.

तेवढ्यात आई आली, मधुमतीबाई. मराठी ऐकून तिचा चेहराच खुलला. हा मुलगा गोमतीकाठच्या औषध संशोधन संस्थेत पीएच.डी. करतोय, हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवतोय, हे कळल्यावर तर विचारूच नका.

“अरे, मग महानगर कॉलनीत ये की आमच्याकडे! पूल ओलांडला की आलंच.”

तो आला. जाताना आईनं डब्यात भरली वांगी दिली. आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे साताऱ्याच्या मुलाला कुणी शिकवायला नको. त्यानं तो पेरू भरून आणला. मग आईनं त्यात थालीपीठं घातली. त्यानं शेंगदाणे आणले. असा तो डबा भरत राहिला, आणि सत्यजित रोज दिवेलागणीला येत राहिला.

सुरुची व्हरांड्यात शाल घेऊन बसायची. सायकलची घंटी ऐकली की हृदय कसं धडधडायचं! तापानं की... कोण जाणे.

“आज किती?” तो विचारायचा.

“एकशे तीन. तुला काय रे, भाव विचारल्यासारखा विचारतोस!”

“उतरला की घेईन म्हणतो.”

“वा रे वा! इथं लोक मरतायत, आणि याला चेष्टा सुचतेय यार!”

एका संध्याकाळी मात्र त्यानं ताप विचारलाच नाही. मग हळूच म्हणाला, “एक बोलू? रागावणार नाहीस ना?”

“आधी बोल. मग ठरवते.”

“मी आलो की तू... अशी लाजतेस ना. इथं, गळ्याखाली. दंडावर पण. गुलाबी होतेस अगदी.” त्याचे कान तांबडे झाले होते. “रविवारी मी सकाळी आलो होतो, तेव्हा लाजली नव्हतीस. मी दिवसभर विचार करत राहिलो... माझं काही चुकलं का?”

तिला हसू आलं, आणि मग ते ओठांतच अडकलं. आरशात तिनंही पाहिली होती ती लाली. तिलाही वाटलं होतं, हे त्याच्यामुळेच! पण लाज अशी घड्याळ बघून येते? आणि दंडावर?

त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून पडली. सगळं त्या मेल्या आजारानं नेलं होतं, कॉलेज, मैत्रिणी, जिना धावत चढणं. ही एवढीशी लाली तरी आपली असू दे ना... डॉक्टरांना सांगितलं की तीही जाणार. न सांगावं तर?

सकाळी तिनं आईला सांगितलं, सत्यजितला काय दिसलं ते; आणि इस्पितळात डॉ. रिझवींना त्या लालीचं सांगून टाकलं.

चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, “शाम को? रोज़? और सुबह ग़ायब? बेटा, हम तो आपको सुबह ही देखते रहे!”

त्यांनी तिला दाखल करून घेतलं आणि दिवे लागायच्या सुमाराला विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. गळ्याखाली, दंडावर, पुसट गुलाबी ठिपके उमलले होते. त्याच वेळी दाराशी डबा घेऊन सत्यजित उभा राहिला.

“स्टिल्स डिसीज़,” डॉक्टर म्हणाल्या. “क्वचित दिसतो. शरीराचं रक्षण करणारंच शरीरावर उलटतं. याची एकच एक अशी तपासणी नाही. ताप, सांधे, ही लाली, वाढलेल्या पांढऱ्या पेशी, अशा खुणा जुळवायच्या. जपानच्या डॉक्टरांनी आत्ताच त्याचे निकष घालून दिलेत. पण आधी टी.बी., टायफॉइड, कॅन्सर, सगळं वजा करायचं. उरेल ते हे.” हे सगळं त्या हिंदीतच सांगत होत्या. मग वळून म्हणाल्या, “यह रैश पहले किसने पकड़ा?”

खाटेशी बसलेल्या आईनं कौतुकानं सत्यजितकडे बोट दाखवलं.

“शाबाश! आपने क्या सोचा था?”

“जी, मैंने तो... कुछ और समझा था.”

विद्यार्थी खो-खो हसले. सत्यजितनं डबा टेबलावर ठेवला आणि तो गेला. गेला तो गेलाच.

नव्या औषधांनी ताप उतरला. लाली गेली. सुरुची घरी आली, व्हरांड्यात बसू लागली. घंटी वाजायची ती दूधवाल्याची. संध्याकाळ सरता सरायची नाही. आईनं विचारलं, “काय गं, तो पोरगा फिरकत नाही हल्ली?” तिनं शालीची घडी घालायला घेतली.

शेवटी एका दुपारी कुठलंही निमित्त न घेता ती रिक्षा करून निघाली. सत्यजितची संस्था एका जुन्या नवाबी महालात होती. सत्यजित फाटकाशी आला, पांढरा कोट, विस्कटलेले केस.

“तू? इतक्या लांब? गुडघे...”

“दुखतायत. म्हणून पटकन ऐक. का येत नाहीस?”

“कुठल्या तोंडानं येऊ? तू आजारी होतीस, आणि मी वेडा समजत होतो की...”

“मीही तेच समजत होते!”

त्यानं मान वर केली.

“डॉक्टर म्हणाल्या ना, वजा करायचं?” ती बोटांवर मोजत म्हणाली. “केलं मी. ताप वजा. लाली वजा. घसा बरा, रक्त नॉर्मल. तरी दिवेलागणीला जीव थाऱ्यावर नसतो. हे उरलं, सत्यजित. याला तूच नाव दे.” मग हळूच म्हणाली, “आणि ऐक, आजार पुन्हा उलटू शकतो. कदाचित नाही. त्यांनाही सांगता येत नाही. ठरवायचं तर हे धरून ठरव.”

तो नदीकडे बघत म्हणाला, “मी रोज निघायचो. पुलाच्या मध्यापर्यंत यायचो... आणि सायकल वळवायचो.”

“मध्यापर्यंत? अरे, मग निम्मा तर आला होतास!”

“निम्मं राहिलं होतं ना... तेच जमत नव्हतं.”

“अरे बिटिया,” रिक्षावाले चाचा ओरडले, “चलेंगी, या हम सवारी देखें?”

त्यानं कोट काढला, चौकीदाराच्या हातात दिला, आणि तिला कोपराशी धरून रिक्षात चढवलं. स्वतःही शेजारी बसला.

“पूल के उस पार, चाचा,” तो म्हणाला.