पोहता न येणारा चाचा

त्याची माझी पहिली भेट झाली ती चित्रपटांच्या स्टुडिओतल्या शिवणखात्यात, दुपारच्या सुट्टीत. बाकीच्या मुली बाहेर उन्हात जेवायला गेल्या होत्या. मी एकटीच मशीनपाशी बसून पाव आणि डब्यातले सार्डिन मासे खात होते, तेवढ्यात दार हळूच ढकलून एक समुद्री चाचा आत आला. कमरेला तलवार, गालावर रंगवलेला व्रण, अंगात पितळी बटणांचा काळा मखमली कोट... आणि हातात किराणा दुकानातली कागदी पिशवी.

चाचे बघायची मला सवय होती. महिनाभर आम्ही त्यांच्याचसाठी सदरे फाडत होतो आणि पुन्हा शिवत होतो. पण इतका घाबरलेला चाचा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मिस, एक काम होतं. कुणाला कळता कामा नये असं."

"काम काय आहे ते ऐकून ठरवते," मी म्हणाले.

त्याने पिशवी माझ्या मशीनवर उपडी केली. बाटल्यांची कॉर्कची बुचं! शंभर-दीडशे तरी असतील. काही घरंगळत माझ्या मांडीवर आली.

"ही या कोटाच्या अस्तरात शिवून हवीत."

मी बुचांकडे पाहिलं, मग कोटाकडे, मग त्याच्या डोळ्यांकडे. डोळे चांगले होते, हे तेव्हाच ध्यानात आलं. पिंगट, आणि पार रडवेले झालेले.

"तुम्हाला पोहता येत नाही," मी म्हणाले.

त्याने चटकन दाराकडे पाहिलं. "जरा हळू बोला ना."

मग त्याने सगळं सांगितलं. नाव ऑरिन टटल, गाव नेब्रास्कातलं. त्याच्या गावात सगळ्यात खोल पाणी म्हणजे गुरांचा हौद. दोन वर्षं तो काउबॉयच्या चित्रपटांत घोड्यावरून पडत होता, आणि पडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. चाच्यांच्या चित्रपटासाठी माणसं निवडताना विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? सगळ्यांनी हात वर केले, म्हणून यानेही केला. त्याला वाटलं, आपल्याला डेकवर तलवार चालवायची आहे, पाण्याशी काय संबंध! त्याला दुष्ट कप्तानाचा डुप्लिकेट म्हणून घेतलं. आणि आता पटकथेचं शेवटचं पान हातात आलं होतं. नायकाची तलवार छातीत घुसते आणि कप्तान कठड्यावरून समुद्रात पडतो. समुद्र म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मागचा तलाव. बारा फूट खोल.

हसू आवरायला मी पावाचा मोठा घास घेतला. मग त्याला समजावलं, की बुचांचा काही उपयोग नाही. मेलेला कप्तान बदकासारखा वर तरंगायला लागला, तर थिएटरातली माणसं खुर्च्यांवरून पडतील. त्याला तळाशी जायला हवं, वर फक्त त्याची पिसाची टोपी तरंगायला हवी, आणि कॅमेरा टोपीवर असेपर्यंत खालीच राहायला हवं. वीसपर्यंत मोजायचं, मग वर यायचं.

त्याचा चेहरा मखमलीपेक्षा काळा पडला.

"रविवारी काय करता?" मी विचारलं. असं मी कुणाला आजवर विचारलं नव्हतं. पण मी सॅन पेद्रोच्या बंदरातली. बाबांची मासेमारीची बोट, आजोबा युरोपातल्या दाल्मेशियाच्या एका बेटावरून आलेले. चालायच्या आधी मी पोहायला शिकले, असं आमच्याकडे सांगतात. बुडणारा माणूस समोर दिसत असताना गप्प बसणं आमच्या रक्तात नाही... निदान मी स्वतःला तेव्हा तसं सांगितलं.

पहिल्या रविवारी तो आमच्या बंदराजवळच्या किनाऱ्यावर टोपी घालून गुडघाभर पाण्यात तासभर उभा राहिला. लाट आली की माझा दंड धरायचा आणि ओसरली की माफी मागायचा. दुसऱ्या रविवारी मी त्याला पाठीवर तरंगायला शिकवलं. त्याच्या पाठीखाली माझा तळहात, त्याचे डोळे गच्च मिटलेले, पापण्यांवर खारट थेंब.

"हात काढू नका हं," तो म्हणाला.

"कधीच काढलाय."

त्याने डोळे उघडले, माझे दोन्ही हात हवेत दिसले, आणि गडी तिथल्या तिथे बुडाला. वर आला तो खोकत, हसत. "तुम्ही लबाड आहात, मिस मार्देशिच," म्हणाला. मी म्हटलं, "विंका म्हण." त्यानंतर तो मला मिस म्हणाला नाही.

तिसऱ्या रविवारी तो पाण्याखाली राहायला शिकला. सातपर्यंत, मग दहापर्यंत, संध्याकाळी पंधरापर्यंत. मधल्या वेळात वाळूत बसून तो मला घोड्यांच्या गोष्टी सांगायचा. मला घोड्यांची भीती वाटते. तरी मी ऐकत होते, आणि बोलताना त्याच्या भुवईवरची वाळू झटकावी का, याचा विचार करत होते. झटकली नाही.

बाबांनी आम्हाला धक्क्यावरून पाहिलं होतं. जेवताना म्हणाले, "पोरी, या बंदरातला एक नाखवा तुला पसंत पडला नाही, आणि आता मक्याच्या शेतातला आणलास?" मी म्हटलं, कामावरचा ओळखीचा आहे, बाकी काही नाही. बाबांनी मान डोलावली आणि माशाचं डोकं माझ्या ताटात वाढलं. आमच्याकडे ते लग्न ठरलेल्या मुलीला वाढतात. मी ते सगळं खाल्लं.

चित्रीकरणाच्या दिवशी मी कोटाची बटणं तपासायच्या निमित्ताने तलावाच्या काठी उभी होते. प्रचंड पंखे सुरू झाले, तलावातल्या जहाजाची शिडं फुगली, दोरखंडांवरून चाचे झेपावले. तलवारी खणखणल्या. मग नायकाने घाव घातला आणि ऑरिन छाती धरून कठड्यावरून मागे कोसळला. इतका सुरेख कोसळला की मलाच क्षणभर खरं वाटलं. पाणी उडालं. टोपी वर आली आणि डौलात फिरू लागली.

मी मोजायला लागले. पंधरा. वीस. पंचवीस. दिग्दर्शक खूश दिसत होता. तीस. टोपीभोवती एकही बुडबुडा नव्हता. ओला कोट किती जड होतो ते त्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं. पस्तीसला मी गळ्यातली मापाची टेप फेकली आणि उडी मारली.

तो तळाशी मांडी घालून बसला होता. डोळे मिटलेले, गाल फुगवलेले, एखाद्या साधूसारखा शांत. मी त्याची कॉलर धरली आणि ओढत वर आणला. कॅमेरा चालूच होता. सात समुद्रांना धडकी भरवणाऱ्या कप्तानाला एप्रन घातलेली शिवणकामवाली मानगूट धरून काठाला आणत होती. जहाजावर कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि डोलकाठीपर्यंत हसू पोचलं. दिग्दर्शक मात्र हसला नाही. त्याने शांतपणे माझं नाव विचारलं आणि फाटकाचा रस्ता दाखवला.

कोट मोठ्या दिव्यांखाली वाळवून चार वाजता तो प्रसंग पुन्हा घेतला, आणि बिनचूक झाला, असं मागाहून कळलं. तोवर मी फाटकाबाहेर बसची वाट बघत होते. आमच्या खात्याच्या मुख्य बाई, मिसेस ऑस्ट्रँडर, मागच्या दाराने येऊन सांगून गेल्या होत्या की पुढच्या महिन्यात एक काउबॉयचा चित्रपट आहे, त्यात पाणी नाही, तेव्हा ये. तरी डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. नोकरीचं होतं की दुसरं कशाचं, ते बघायचं धैर्य नव्हतं.

तो धावत आला. केस ओले, गालावरचा व्रण हनुवटीपर्यंत ओघळलेला.

"वीसपर्यंत मोजायला सांगितलं होतं ना?" मी त्याला तोंडच उघडू दिलं नाही.

"मोजत होतो. बारापर्यंत आलो आणि... चुकलो."

"चुकलो म्हणजे?"

"खाली फार शांत होतं, विंका. भीती वाटली नाही, पहिल्यांदाच. म्हटलं, इथे कुणी मध्ये बोलणार नाही, तर तुला जे विचारायचंय ते नीट जुळवून घ्यावं. दोनदा जुळवलं. तिसऱ्यांदा जुळवत होतो, तर तू कॉलर धरलीस."

बस आली. मी चढले नाही. बस गेली.

"मग विचार," मी म्हणाले.

"आता एक शब्द आठवत नाही..." तो ओघळलेल्या रंगावरून हात फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का?"

"चार शब्द," मी म्हणाले. "चार शब्दांसाठी मी पस्तीसपर्यंत मोजलं?"

आणि मग मला इतकं हसू आलं की फाटकावरचा पहारेकरी बाहेर आला. हसता हसता मी 'हो' म्हणाले. ते त्याला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

बाबांनी मात्र अट घातली. "आधी एक दिवस त्याने माझ्यासोबत बोटीवर यायचं," म्हणाले. पुढच्या शनिवारी सकाळी ते त्याला मॅकरेल माशांच्या मागे कातालिना बेटाच्या बाजूला घेऊन गेले. मी दिवसभर धक्क्यावर येरझारा घातल्या. संध्याकाळी बोट लागली तेव्हा ऑरिन शेवाळासारखा हिरवा पडला होता, आणि तळहात जाळ्याने सोलून निघाले होते. तो धक्क्यावर उतरला, एका खुंटाला धरून उभा राहिला, आणि तशातच त्याने बाबांपाशी मला मागितलं.

बाबा बराच वेळ दोर गुंडाळत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाताना ओकला, येताना ओकला. पण परत फिरवा म्हणाला नाही, आणि जाळंही सोडलं नाही." त्यांनी दोर खाली टाकला. "हा बोटीवर काही कामाचा नाही, पोरी. याला घरात ठेव."