काचेवरची दुसरी ओळ

रोज दुपारी चार वाजता मी भाचीला खांद्यावर घेऊन, भोपाळच्या कोलार रोडवरच्या या सोसायटीच्या गेटबाहेर का उभा राहतो, हे इथे प्रत्येकाला विचारायचं असतं. सांगायला गेलं की हसतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात पुट्टीपासून झाली. मे महिना. तेव्हा आम्ही आनंद नगरमधल्या आमच्या स्वतःच्या घरात राहायचो. जुईताईच्या मुलीचं बारसं दहा दिवसांवर आलं होतं. बाबांनी मला पुट्टीची थैली देऊन खालच्या हॉलमध्ये पाठवलं.

"ती भेग बुजव, मयूर. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा अर्धवट सोडलास, निदान भेग तरी पूर्ण बुजव."

हॉल म्हणजे बाबांचा पराक्रम. कार्यक्रमांना ऐसपैस जागा हवी म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली, आणि त्याच वर्षी वर आणखी एक मजला चढवला. त्यांचे थोरले भाऊ सुधाकरकाका बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. सत्त्याण्णवच्या जबलपूरच्या भूकंपानंतर पडकी घरं तपासत हिंडलेला माणूस. ते जीव तोडून सांगत होते, "अरे, खाली पोकळ आणि वर जड! जमीन सरकली की वरचं वजन जागीच राहू बघतं, आणि सगळा ताण खालच्या खांबांवर येतो. त्यात आपली काळी माती. पावसात फुगते, उन्हात आक्रसते. हे घर आधीच हलतंय."

"दादा, भोपाळमध्ये कुठला आलाय भूकंप?" बाबा म्हणाले. संपला विषय. आमच्याकडे मोठ्यांचे विषय असेच संपतात.

मग काकांनी भेगेवर आडवी काच लावली. त्यांच्या खात्यात तशी पद्धत होती. बोटभर रुंद काचेची पट्टी, दोन्ही टोकांना सिमेंट, वर लावल्याची तारीख. भिंत केसभर सरकली तरी काच फुटते. फुटली की खाली दुसऱ्या ओळीत फुटल्याची तारीख आणि वेळ लिहायची. फेब्रुवारीत काका गेले. तेराव्याच्या आदल्या दिवशी बाबांनी ती काच खरवडून कचऱ्यात टाकली.

आणि त्या दुपारी भेगेवर काच होती.

लाइट गेलेली होती. वरच्या मजल्यावरचा कूलर थांबला होता, आणि मग घरात इतकी शांतता पसरली की भिंतीतून बारीक माती ओघळल्याचाही आवाज यावा. खिडक्या उन्हासाठी घट्ट लावलेल्या. त्या कोंदट अंधारात ओल्या सिमेंटचा वास येत होता. त्याच्या मागे, अगदी पुसट, काकांच्या चुना-तंबाखूचा.

मी मोबाइलचा उजेड धरला. सिमेंट खरंच ओलं होतं. त्यात अंगठ्याचा ठसा होता, वरचं पेर नसलेल्या अंगठ्याचा. काकांचं ते पेर नोकरीच्या पहिल्याच वर्षी मशीनमध्ये गेलं होतं.

वरची ओळ : ८/५. म्हणजे त्याच दिवसाची.

खालची ओळ : १८/५, ११.४०.

काच मात्र अखंड होती. आणि अठरा मे म्हणजे बारसं.

मी वर जाऊन सांगितलं. बाबा खाली आले, चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाले, "तूच लिहिलंयस."

"आणि अंगठा? तोही मीच कापून आणला?"

"कॉलेज सोडल्यापासून तुला दुसरं काम काय आहे?"

आई म्हणाली, शुभकार्याआधी असलं बोलू नये. झालं. दोघांनाही काच दिसत होती, ठसा दिसत होता. फक्त काका बरोबर होते, हे दिसायला नको होतं.

रात्री जुईताई हळूच म्हणाली, "मयूर… मला पण वास आला रे, तंबाखूचा." आणि सकाळी जाहीर करून टाकलं, "पाळणा अंगणात, मांडवातच बांधायचा. हॉलमध्ये बाळाला उकडतं." मुलीचं म्हणणं बाबांनी ऐकलं. माझं कधी ऐकलंय? भेग मी बुजवलीच नाही, काच तशीच ठेवली.

अठरा तारखेला अकरा चाळीसला मांडवातल्या खुर्च्या थरथरल्या. पिंपातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली. घरातून 'टक्' असा एकच आवाज आला.

तीन-चार सेकंद. मग सगळं पुन्हा जागच्या जागी. दहा-बारा मिनिटं सगळे मांडवातच घोळका करून उभे राहिले.

बाबांचा चेहरा उजळला. "बघितलं? आला तुझा भूकंप! घर उभं आहे की नाही? चला, सगळे आत चला. ऊन बघा केवढं झालंय."

काका एकदा म्हणाले होते, मोठ्या धक्क्याआधी कधी कधी लहान येतो. लोक पळतात, घर उभं दिसलं की परत आत जातात…

मी धावत आत गेलो. काचेचे दोन तुकडे खाली पडले होते. आणि त्याच जागी नवी काच होती. सिमेंटमधून पाणी ओघळत होतं.

१८/५. खाली १८/५, ११.५८.

मोबाइलमध्ये अकरा चोपन्न झाले होते. माझ्या मागे खुर्च्या आत येत होत्या. जुईताई बाळाला घेऊन उंबरठ्यात होती.

"आत येऊ नका!" मी ओरडलो.

"पुन्हा सुरू झाला हा!" बाबा म्हणाले आणि त्यांनी पंखा लावला.

भोपाळमध्ये भूकंप म्हटलं की लोक हसतात. पण एक शब्द असा आहे की त्यावर इथे कोणी चर्चा करत बसत नाही. वाईट शब्द आहे. मला माहीत आहे, इंदुमती आत्यानं चौऱ्याऐंशीच्या त्या रात्री काय गमावलंय.

"गॅस!" मी ओरडलो. "गॅस निघालाय… भागो!"

आत्यानं पदर पाण्यात बुडवून नाकाला लावला, ते मी विसरणार नाही. मिनिटभरात हॉल रिकामा झाला. बाबा सगळ्यांत आधी बाहेर. नातीकडे वळूनही न बघता.

अकरा अठ्ठावनला जमिनीखालून गाडी गेल्यासारखी घरघर झाली. खालचे खांब गुडघे मोडावेत तसे मोडले, आणि वरचे दोन मजले, गॅलरीतल्या तुळशीसकट, सरळ खाली बसले. हॉल उरलाच नाही.

धूळ खाली बसल्यावर बाबांचं पहिलं वाक्य होतं, "गॅस कुठे होता? खोटं बोललास तू." अजूनही ते हेच म्हणतात.

आता आम्ही इथे, जुईताईच्या फ्लॅटमध्ये, सहाव्या मजल्यावर. खाली नुसते खांब, म्हणजे पार्किंग. पुन्हा तेच, खाली पोकळ आणि वर जड. मागच्या महिन्यात तिसऱ्या खांबावर काचेची पट्टी दिसली. खांबाला भेग नाही. सिमेंट महिनाभर ओलंच आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी ती दोनदा काढली, दोनदा रंग मारला. मला म्हणाले, "यार मयूर, बच्चों जैसी हरकतें मत करो." बाबांनी मान डोलावली.

खालच्या ओळीत फक्त वेळ आहे. ४.१०. तारखेची जागा कोरी. म्हणून रोज चारला मी पोरीला घेऊन बाहेर असतो, आणि जुईताईला काहीतरी निमित्त काढून खाली बोलावतो. बाकीचे येत नाहीत.

काल संध्याकाळी त्या कोऱ्या जागेत महिना उमटलाय. आठ. दिवस अजून लिहिलेला नाही.

आज एकतीस जुलै.