राणीआजीच्या स्टुलावरचं मांजर

डुफीमावशीने फुफूचा पहिला घास रश्श्यात बुडवला आणि नेमकी तेव्हाच एक रडवेली पोरगी दारात येऊन उभी राहिली. लोकांना अडचणी जेवणाच्या वेळीच कशा येतात, हे कोडं मावशीला आजवर सुटलं नव्हतं.

पोरीचं नाव अडोमा. घानाच्या राजधानीत, आक्रात वाढलेली, आता कुमासीच्या संग्रहालयाचं फेसबुक पेज चालवणारी. संग्रहालयातलं राणीआजीचं जुनं स्टूल काचेच्या कपाटातून गेलं होतं. जागेवर कुणीतरी संग्रहालयाच्या दुकानात विकायची नक्कल ठेवली होती. संध्याकाळी विश्वस्त येणार. तोवर स्टूल मिळालं नाही तर तुला पोलिसांत देतो आणि पेज बंद करतो, असं संचालक ओपोंगसाहेबांनी तिला बजावलं होतं.

"किल्ल्या कुणाकडे असतात?"

"साहेबांकडे, पहारेकरी बुकारीकडे आणि माझ्याकडे. मावशी, आईची शपथ..."

"आईला राहू दे घरी. नक्कल ओळखली कुणी?"

ओळखली होती बाजारातल्या एका म्हातारीने, फोनवर. अडोमाने सकाळी नेहमीसारखा फोटो टाकला, आणि थोड्या वेळात कॉमेंट आली, की तांब्याची पट्टी कुठाय? हे तर दुकानातलं लाकूड.

मावशीला अक्षरं जेमतेम लागायची. म्हणून तिचा भाचा ओफोसू टॅक्सीत कॉमेंट वाचून दाखवू लागला. पोराचं डोकं संथ होतं, पण वाचायला येत होतं. कितीतरी आज्या महिनाभर कावल्या होत्या: रिकामं स्टूल उभं काय ठेवता, आडवं करा, वाटेवरचं भूत येऊन बसेल. एका फोटोत अडोमाने स्टुलावर मांजर बसवलं होतं. त्याच्याखाली सगळ्यांत जास्त हसू होतं आणि सगळ्यांत जास्त शिव्याही. आजच्या फोटोखाली मात्र आज्या खूश होत्या. आली बाई एकदाची अक्कल, असं एकीने लिहिलं होतं.

"यांना तू काय उत्तरं दिलीस?" मावशीने विचारलं.

"एवढ्या कॉमेंट कोण वाचतं? मी लाइक बघते."

मावशीने कपाळाला हात लावला.

संग्रहालयात ओपोंगसाहेब दारातच भेटले. ऑफिसातला पंखा बिघडलाय, म्हणाले, अंगणात बसू. दुकानातली तीन स्टुलं आंब्याखाली मांडली गेली. ऑफिसच्या बंद खिडकीवरून जाताना आत काहीतरी घरघरत होतं. मावशीने जाता जाता तिकडे कान दिला.

आधी बुकारी बसला. उत्तरेकडचा माणूस, वैतागलेला. दिवे गेले तरी पहारेकरी, चोरी झाली तरी पहारेकरी, हेच त्याचं पालुपद. बाहेरचं कुणी आलं नव्हतं एवढं मात्र त्याने ठामपणे सांगितलं, आणि स्टूल पायाने बाजूला सारून तो निघून गेला. मग अडोमा. घाईत होते, जसं दिसलं तसा फोटो काढला, म्हणाली, आणि डोळे पुसत पाणी प्यायला गेली. स्टूल होतं तसंच राहिलं. शेवटी साहेब. संग्रहालय म्हणजे जत्रा नव्हे, म्हणाले. गर्दी जमवायला पोरीनेच हा तमाशा केला असणार. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका हाताने स्टूल आडवं करत, दुसऱ्याने फोन कानाला लावत ते बाजूला गेले.

"मला पोरगीच वाटते," ओफोसू म्हणाला.

"तुला काहीही वाटतं. बोलव सगळ्यांना ऑफिसच्या दाराशी."

घरी फुफूचा दगड झाला असणार, आणि ते मावशीच्या आवाजावरून कळत होतं.

"ओफोसू, महिनाभराच्या फोटोंत स्टूल कसं आहे?"

"उभं."

"आणि आज?"

"आडवं."

"म्हणजे चोराने नक्कल ठेवली आणि आडवी ठेवली. या पोरीने आज्यांचं वाचलंच नाही, तिला रीत माहीत नाही. बुकारीच्या मुलखात ती पाळत नाहीत. आता आंब्याखाली बघा. त्या एकाच स्टुलावर तिघं बसले. आडवं कुणी केलं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेबांनी पाहिलं नाही.

"तुमच्या हाताला स्टूल उभं सोडणं जमतच नाही, ओपोंगसाहेब. नक्कलसुद्धा. आता दार उघडा. बिघडलेला पंखा आत कुणासाठी फिरतोय, ते बघू."

टेबलावर पांढऱ्या कापडाखाली स्टूल आडवं ठेवलं होतं. जुन्या लाकडाला दमटपणा लागू नये म्हणून पंखा चालू होता.

"माझ्या आजीचं आहे ते," साहेब हळू म्हणाले. "मीच इथे दिलं. हिने त्यावर मांजर बसवलं. चाळीस हजार लोक हसले."

"म्हणून पोरीला कोठडीत घालणार होता?"

"मला पेज बंद व्हायला हवं होतं."

"एकदा तोंडाने सांगितलंत का तिला, हे काय आहे म्हणून?"

मावशी अडोमाकडे वळली.

"तू हसू नकोस. एवढ्या बायका फुकटात शिकवत होत्या आणि तू अंगठे मोजत बसलीस."

विश्वस्तांना साहेबांनी स्वतःच सांगितलं. मावशी शेजारी उभी होती, तेव्हा काही गाळायची सोय नव्हती. त्यांचं काय करायचं ते विश्वस्तांनी पुढच्या बैठकीवर ठेवलं. अडोमाची नोकरी राहिली, पेजही राहिलं. जाण्याआधी साहेबांनी आजीचं स्टूल आपल्या हाताने कपाटात आडवं ठेवलं. अडोमाने पेजवरचा मांजराचा फोटो काढून टाकला, नवा टाकला आणि खाली एवढंच विचारलं: हे आडवं का, कोण सांगेल?

आज्या तुटून पडल्या. अडोमा आंब्याखाली बसून एकेकीला उत्तर लिहू लागली.

"मावशी, एक आजी म्हणते तिच्याकडे अस्संच आहे. दाखवायला घेऊन येऊ का, विचारते."

"ये म्हण. आणि बसायला दे तिला."

टॅक्सी आली. फोनमध्ये डोकं घालून बसलेला ओफोसू तसाच उठला आणि चालू लागला. त्याचं स्टूल मागे उभंच होतं.

मावशीने ते पायरीवरूनच पाहिलं, परत आली, आडवं केलं.

"मेल्या," ती म्हणाली, "ते पेज आधी तू वाच."