सगळे मिळून

"आमच्या घरी सासूबाईंना आम्ही सगळे मिळून सांभाळतो," नीरजा आरशासमोर भाषणाची तालीम करत होती, आणि आतल्या खोलीत सासूबाईंना पेज भरवणाऱ्या पद्मजाच्या हातातला चमचा थबकला.

सगळे मिळून! सासूबाईंची, विजयमालाबाईंची, स्मृती गेली, त्या घरचा रस्ता चुकू लागल्या, तेव्हा शाळेतली नोकरी कोणी सोडली? थोरल्या सुनेनं. त्यांचे दोघे मुलगे सकाळी हिंजवडीला जायचे ते जेवणाच्या ताटावरच उगवायचे. धाकटी नीरजा समाजकार्य शिकलेली, व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेत तिचा शब्द मोठा, म्हणून पद्मजानंच तिला 'तू जा गं' म्हटलं होतं... त्याचं हे फळ! आज संघटना सरकारी समितीपुढे मागणी करणार होती, की अशा वृद्धांना दिवसभर सांभाळणारं केंद्र प्रत्येक प्रभागात हवं, आणि ते धोरणातच यायला हवं. मागणी सोळा आणे खरी, पण मागणारीच्या घरात कोण राबतंय ते झाकून ठेवायचं? पद्मजाच्या अंतःकरणात इतक्या वर्षांचा संताप उसळला.

ती दारात येऊन उभी राहिली.

"सगळे मिळून सांभाळता, तर केंद्र कशाला, असं समितीनं विचारलं तर काय सांगशील?"

नीरजाचा चेहरा पांढरा पडला. घराची अब्रू राखायला घातलेल्या त्या एका वाक्यानं मागणीच बुडाली असती! संघटनेचा रिवाज होता, की ज्याचं दुखणं त्यानं आधी बोलायचं. आणि तो रिवाज सगळ्यांना शिकवत फिरायची हीच नीरजा... तिनं संघटनेचा बिल्ला काढला आणि पद्मजाच्या पदराला लावला.

"वहिनी, तुम्ही जा. आईंपाशी आज मी बसते."

समितीपुढे पद्मजाचा आवाज कापला, पण थांबला नाही. अध्यक्षांनी कोरडेपणानं विचारलं, की आपण इथे आलात, मग पेशंटपाशी कोण?

"माझी धाकटी जाऊ. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा."

मग अध्यक्षांनी केंद्राचा मुद्दा धोरणाच्या मसुद्यात घ्यायला सांगितला. मसुदाच तो, केंद्राचं दार उघडेल तेव्हा खरं!

संध्याकाळी ती घरी आली तर नीरजाच्या साडीवर पेज सांडलेली, आणि सासूबाई रडून रडून झोपलेल्या.

"दिवसभर तुम्हालाच शोधत होत्या," नीरजाला हुंदका आवरेना. "मी मात्र तुम्हाला कधी शोधलंच नाही, वहिनी..."

पद्मजानं तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उद्याही तूच भरव," ती म्हणाली. "मला शाळेत जाऊन यायचंय."