वर न येणारं पायडल

शमशुद्दीन मिस्त्रीला अण्णासोंचा निरोप आला, ते साल शहात्तर असावं. उद्यमनगरात मोटारी उघडून बसवण्यात त्याची हयात गेलेली. त्यामुळं कळंब्याच्या तळ्यावर बॅटरीच्या गाड्या दुरुस्त करायच्या आहेत म्हटल्यावर त्यानं पिशवीत पाने-पक्कड टाकली आणि सायकलीवर टांग मारली.

तळ्याच्या वरच्या अंगाला टेकाडावर पूर्वी एका कंपनीचे साहेबलोक गोल्फ खेळायचे. ते गेले, जागा पडून राहिली, मग ती अण्णासोंनी घेतली. जागेबरोबर त्या खेळाच्या दोन गाड्या आल्या.

"आईला वर जैन बस्तीत दर्शनाला न्यायचं हाय, मिस्तरी," अण्णासो म्हणाले. "तिचं गुडघं गेल्यात. दोन्हीतनं एक तर उभी करा."

पत्र्याच्या शेडात शिरताच आंबूस ॲसिडचा आणि कोंबड्यांच्या घाणीचा भपकारा आला. शमशुद्दीननं पिशवी खाली ठेवली आणि गाड्यांभोवती एक फेरी मारली. गाद्या फाडलेल्या, छपराचे दांडे वाकलेले, स्टिअरिंग तारेनं आवळलेलं. मागच्या बाजूला दगड भरभरून स्प्रिंगच्या पाट्या पार खाली बसल्या होत्या.

"जनावरालाबी असं कुणी वागवत न्हाय," तो पुटपुटला.

दोन दिवसांत त्यानं एका गाडीचं सामान काढून दुसरीला चढवलं. मोटार फिरली, चाकं फिरली. ब्रेकचं काम तेवढं राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, तो त्या गाडीखाली उताणा शिरला. बाहेर एक होला घुमत होता. बाकी सगळं चिडीचूप.

ब्रेकची सळई मधोमध तुटून लोंबत होती. पायडल कशालाच जोडलेलं नव्हतं. उलट त्याची स्प्रिंग शाबूत होती, म्हणजे ते वर यायला पाहिजे होतं. पण पायडल तळाला टेकलेलं होतं. शमशुद्दीननं बोटं घालून ते उचललं. बोटभर वर आलं... आणि सावकाश पुन्हा खाली गेलं. अडकलेलं लोखंड असं जात नाही. माणसाचा पाय दाबतो, तसं ते गेलं.

तो घाईनं बाहेर सरकला. जागेचा राखणदार गणपतराव उंबऱ्यावर बसला होता. तीन दिवसांत म्हातारा एकदाही आत आला नव्हता.

"गणपतराव, ही गाडी कोण चालवायचं?"

म्हाताऱ्यानं गाडीकडं पाठ केली.

"भरमा," तो म्हणाला. "साहेबलोक गेल्यावर, जागा पडून ऱ्हायच्या आदी, हिच्यावनं दगड वढायचं काम चाललं. मी मुकादम. भरमा म्हणायचा, ब्रेक लागत न्हाय, मिस्तरी बोलवा... तीनदा म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, पाडव्यापतोर चालीव की..." त्यानं तळ्याकडं हात केला. "उतारानं गेली ती थेट तळ्यात. दुसऱ्या दिशी गाडी काढली, तवा त्येचा पाय पायडलवरच हुता. चौघांनी वढला... सुटंना."

शमशुद्दीनच्या अंगावर काटा आला. पिशवी उचलून निघून जावं, असं एकदा वाटलं. पण गाडीत अण्णासोंच्या आई, सीताबाई, बसणार होत्या. म्हातारं माणूस बिनब्रेकच्या गाडीत कसं सोडायचं? त्यानं दात आवळले आणि परत आत गेला. नवी सळई घातली, ब्रेकचे नवे लायनर बसवले. एकेक बोल्ट दोनदा आवळला. शेवटची पिन ठोकली आणि पायडल खट्कन वर आलं. शेडात तळ्याच्या गाळाचा ओला वास पसरला.

"झालं, भरमा," तो हलकेच म्हणाला. "लागतोय आता ब्रेक. चल आता."

चार वाजता त्यानं स्वतः सीताबाईंना बस्तीत नेऊन आणलं. उतारावर मुद्दाम तीन ठिकाणी गाडी थांबवली. तिन्ही वेळा ती जागच्या जागी उभी राहिली. म्हातारीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लांब उभा असलेला गणपतराव धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. शमशुद्दीनला फार हलकं वाटलं.

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याची बायको रशिदा शिलाईचं काम समोर टाकून नुसती बसून होती.

"बरं झालं आलासा," ती म्हणाली. "चार वाजल्यापासनं मशीन चालंना. पायडल खालीच बसलंय. जरा बघा की."

शमशुद्दीन दारातच थबकला. मग कंदील जवळ ओढून तो मशीनपुढं वाकला. खाली काहीच अडकलेलं नव्हतं; नुसता तळ्याच्या गाळाचा ओला वास येत होता. त्यानं पायडलखाली हात घालून ते उचललं. बोटभर वर आलं...

"काय बिघडलंय?" रशिदानं विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला.

तिच्याकडं न बघता तो खालून हात काढायचा प्रयत्न करत होता. हात निघत नव्हता.