शेवटच्या रेषेमागची जागा

हेमा मगर आली तेव्हा मुठेवरचं धुकं पेठेतल्या गल्ल्यांत शिरलं होतं. सुहासिनी आगटे यांच्या खिडकीखालून जाणाऱ्या सायकली दिसण्याआधी त्यांच्या घंट्या ऐकू येत होत्या. १९६८ सालच्या डिसेंबरचा दुसरा आठवडा होता.

मुलीनं रॅकेट मांडीवर आडवी ठेवली. "बाई, तुम्ही हरवलेल्या गोष्टी शोधून देता असं ऐकलं."

"कधी कधी. तुझं काय हरवलंय?"

"माझा अंदाज."

कोपऱ्यातल्या खुर्चीत मच्छिंद्र तुपे जरा हलले. खडकीच्या कारखान्यातून पहारेकरी म्हणून निवृत्त झाल्यापासून ते सुहासिनीबाईंच्या तपासकामात सोबत असत. अंगानं धिप्पाड, विचारानं सावकाश. "डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं पोरी," ते म्हणाले.

"गेले होते, काका. डोळे ठीक आहेत." हेमा हडपसरची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. "महाविद्यालयीन टेनिस मंडळाच्या मैदानावर माझे लांब फटके बाहेर पडतात. फार नाही, चार बोटं, वीतभर. मला वाटतं आत पडला, आणि पंच आउट म्हणतात. हल्ली स्वप्नातही खेळते. चेंडू जातच राहतो, खाली येत नाही."

"सर्व्हिस?"

"नीट पडते."

"बाजूच्या रेषा?"

"तिथं काही नाही. फक्त लांब मारला की बाहेर."

"दुसऱ्या मैदानावर?"

"गेल्या महिन्यात खडकीला तिन्ही सामने जिंकले."

"कधीपासून चाललंय हे?"

"मागच्या हिवाळ्यापासून. रविवारी विद्यापीठाच्या संघासाठी निवडीचा सामना आहे, उल्काशी. जागा दोन आहेत, एक भरली. हरले तर खेळ सोडणार." ती रॅकेटच्या तारांवरून बोट फिरवत राहिली. "हरायचं एवढं वाटत नाही, बाई. पण आपल्याच डोळ्यांवर विश्वास नाही म्हटल्यावर बाकी कशावर ठेवायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहासिनीबाई आणि तुपे दोघं मैदानावर गेली. धुक्यात जाळी तरंगल्यासारखी दिसत होती. एका टोकाला इमारत, दुसऱ्या टोकाला मुलींच्या वसतिगृहाची दगडी भिंत. मैदानाचा राखणदार दत्तोबा रेषांवर चुन्याची फक्की ओढत होता.

दंवानं मुरूम काळपट झाला होता. शेवटच्या रेषेच्या मागे, भिंतीच्या बाजूला, आणखी एक पुसट फिकट पट्टा दिसत होता. सुहासिनीबाई तिथं बराच वेळ उकिडव्या बसल्या.

"जुनी फक्की असंल," तुपे म्हणाले.

"असेल. दत्तोबा, रेषा आखता कधी?"

"पावसाळा सरला की रोलर फिरवतो आन् कार्तिकात नव्यानं आखतो. मग वरीसभर त्याच रेघंवर फक्की."

"मोजता कशानं?"

"टेपानं. मला वाचता येत न्हाई, पर चार आकडं वळकतो. एकवीस, सत्तावीस, छत्तीस, एकुणचाळीस. सेक्रेटरी सायबांनी शिकवलं. टेप त्यांच्याच कपाटात असतो. आखायच्या दिशी देत्यात, सांजच्याला परत घेत्यात."

भिंतीपलीकडे वसतिगृहाच्या अधीक्षिका पद्मजाबाई उन्हाची वाट पाहत विणत बसल्या होत्या. उल्का त्यांची मुलगी. जूनमध्ये ती नागपूरहून इथल्या कॉलेजात आली होती.

"माझी मुलगी जाळीजवळ हलक्या हातानं खेळते," हेमाची तक्रार ऐकून त्या म्हणाल्या. "त्यासाठी दुसरीचे चेंडू बाहेर घालवावे लागत नाहीत. आणखी काही संशय असतील तर एकदाच सांगा. टाके चुकतात."

"मंडळाशी आपलं कधी काही बिनसलं होतं?"

"तीन वर्षांत तीन पत्रं आली, भिंत दोन फूट मागे घ्यावी म्हणून. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं. मंडळाला माझ्या मोगऱ्याचा वाफा हवा होता, कशासाठी ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही."

बाहेर आल्यावर तुपे म्हणाले, "बाई, हिचंच काम हाय. लेकीसाठी."

"उल्का कधी आली, तुपे?"

"जूनमधी." त्यांनी जरा विचार केला. मग बोटांवर महिने मोजू लागले.

मंडळाच्या कचेरीत सेक्रेटरी श्रीनिवास पटवर्धन स्पर्धेची वही शिवत बसले होते. जाड सुई, मेण लावलेला पांढरा दोरा. मागे भिंतीवर विद्यापीठाचं मान्यतापत्र चौकटीत लावलेलं होतं, गेल्या वर्षीच्या डिसेंबरचं.

"अकरा वर्षं हे काम करतोय, बाई," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा मुलग्यांचं खेळून झाल्यावर उजेड उरला तर मुली खेळायच्या. त्यांचा निकाल कुणी लिहूनही ठेवत नसे. मुलींच्या स्पर्धेसाठी दुसरं मैदान कुणी दिलं नाही. या मैदानाला मान्यता मिळाली, तेव्हापासून इथून मुली विद्यापीठाच्या संघात जातात."

सुहासिनीबाईंनी मान्यतापत्रातली अट वाचली. शेवटच्या रेषेमागे दोन्ही टोकांना किमान एकवीस फूट मोकळी जागा हवी.

"टेप बघायला मिळेल?"

श्रीनिवासांनी कपाट उघडून तो लगेच दिला. सुहासिनीबाईंनी कापडी टेप हळूहळू उलगडला. छत्तिसाच्या पुढे एक बारीक शिवण बोटाला लागली. पांढरा दोरा, सारखे टाके. त्यांनी टेप गुंडाळून परत दिला आणि आभार मानले.

शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. ऊन कलतं होतं, भिंतीची सावली मुरमावर मऊ पडली होती. तुप्यांच्या हातात सुताराकडून आणलेला पोलादी टेप होता.

"जाळीपासून शेवटची रेषा," सुहासिनीबाई म्हणाल्या.

तुपे वाकले. "अडतीस."

"एकुणचाळीस हवी. दत्तोबांनी एकुणचाळीसच मोजली, पण मंडळाच्या टेपात छत्तिसानंतर अडतीस येतो. मधला एक फूट कापून टेप पुन्हा शिवलाय. सर्व्हिसची रेषा एकवीस फुटांवर, मैदानाची रुंदी सत्तावीस आणि छत्तीस. ही सगळी मापं शिवणीच्या अलीकडची, म्हणून बरोबर. फक्त लांबी चुकली. हेमाचे फटके आतच पडत होते. रेषा फूटभर पुढे आली होती."

हेमा रेषेकडे पाहत राहिली. तिनं रॅकेट खाली टेकवली.

"उल्काच्या फायद्यासाठी?" पद्मजाबाईंनी विचारलं. "सरळ विचारा."

"नाही. हेमाचे फटके मागच्या हिवाळ्यापासून बाहेर जातायत. रेषा वर्षातून एकदा, कार्तिकात आखतात. म्हणजे टेप त्याआधी कापला गेला, आणि तेव्हा उल्का नागपुरात होती. मग तेव्हा लहान मैदान कुणाला हवं होतं? मलाही वाटत होतं की कुणालाच नाही. नंतर लक्षात आलं की मैदान लहान करायचं नव्हतंच, मागची जागा मोठी करायची होती. तुपे, रेषेपासून भिंत."

"बरोबर एकवीस."

"आणि त्या पुसट पट्ट्यापासून? ती खरी, जुनी रेषा आहे."

"वीस."

पलीकडच्या इमारतीत कुणीतरी पेटी शिकत होतं, तोच सूर पुन्हा पुन्हा येत होता.

"मान्यता द्यायला आलेल्या विद्यापीठाच्या तपासनीसानं मंडळाच्याच टेपानं मोजलं," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मैदान पुरं भरलं, मागची जागाही भरली. दत्तोबांना विद्यापीठाची अट वाचता येत नाही. टेप एकाच कपाटात राहतो. आणि त्यावरचा दोरा मंडळाच्या वह्या शिवायचा आहे."

श्रीनिवासांनी चष्मा काढला. "तपासनीस परत गेला की नवा टेप आणून रेषा मागे घेणार होतो. पण तो दर वर्षी येणार असं कळलं. मला वाटलं, एका फुटानं काय होतं." ते हेमाकडे वळले. "हेमा, तुझे चेंडू बाहेर पडताना मी पाहत होतो. मी तुला म्हटलं होतं, ताकद आहे, ताबा नाही."

"हो सर," हेमा म्हणाली. "मी ते वहीत लिहून ठेवलंय."

चष्मा पुन्हा लावून ते म्हणाले, "आज संध्याकाळच्या आत विद्यापीठाला पत्र लिहितो. सगळं खरं. मान्यता जाईल, माझी जागाही जाईल. उद्याचा सामना खडकीला ठेवा, तिथल्या साहेबांशी मी बोलतो."

"पटवर्धन," पद्मजाबाई म्हणाल्या, "तुमच्या तिन्ही पत्रांत मुली खेळणार आहेत हा शब्द कुठंही नव्हता. तेवढं एक वाक्य लिहिलं असतंत, तर मोगरा मी दुसरीकडे लावला असता."

रविवारी खडकीला हेमा ६-४, ७-५ अशी जिंकली. दुसऱ्या सेटमध्ये उल्कानं तिला दमवलं. चार गुण तर हेमानं भीतीनंच घालवले. अजूनही ती लांब मारल्यावर पंचांकडे पाहत होती. शेवटच्या गेममध्ये मात्र तिनं पाहिलं नाही. चेंडू रेषेवर पडला, पांढरी धूळ उडाली, आणि ती जाळीकडे चालू लागली.

मंडळाच्या मैदानाची मान्यता गेली. जानेवारीत पद्मजाबाईंनी दोन फूट मागे घेण्यासाठी भिंत पाडायला घेतली. उल्का आणि वसतिगृहाच्या मुली दगड काढत होत्या, दत्तोबा रचत होता. श्रीनिवास सेक्रेटरी राहिले नव्हते. कुणी बोलावलं नसताना ते सकाळी आले, कोट काढून झाडाला अडकवला आणि घमेल्यात दगड भरू लागले. वयाला न झेपेल इतकं घमेलं भरलं. ते उचलून दोन पावलांवर पुन्हा खाली टेकवलं.

हेमानं लांबून पाहिलं. मग जाऊन तिनं घमेल्याची दुसरी बाजू धरली.