वर्नाच्या दुकानातलं चौथं पिस्तूल

वर्ना होलकॉम्बने आपल्या बंदुकांच्या दुकानातल्या टेबलावर निळा प्लॅस्टिकचा डबा ठेवला आणि झाकण उघडलं. आत पिस्तुलाच्या आकाराचा खळगा होता. पिस्तूल नव्हतं.

"एक्केचाळीस वर्षं," ती म्हणाली. "आधी बाबांची, मग माझी. या दुकानातून साधी टाचणी कधी हरवली नाही, लिओटा."

लिओटा मॅबरी केशकर्तनालयावरच्या खोलीत बसून खाजगी तपासाची कामं करायची. गाडी चालवणं, कॉफी आणणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही खाती तिचा धाकटा दीर वेस सांभाळायचा. वेस शाळेच्या बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक. वहिनीच्या डोक्याचा त्याला इतका अभिमान होता, की निम्मं गाव त्याला बघून रस्ता बदलायचं.

"कधी कळलं?" लिओटाने विचारलं.

"काल सकाळी नऊला. अठ्ठेचाळीस तासांत सरकारला कळवायचं, म्हणजे उद्या सकाळी नऊच्या आत. मग तपासनीस येणार, दुकान उलटंपालटं करणार. परवाना राहील की जाईल, देव जाणे. पण बाहेर पाटीवर बाबांचं नाव आहे गं. त्याचं काय करू?"

वेसने घाईने तिच्यापुढे कॉफीचा कप सरकवला.

"परवाचं, गुरुवारचं सांग," लिओटा म्हणाली.

दर गुरुवारी संध्याकाळी वर्ना नवशिक्यांना पहिलं पिस्तूल कसं निवडायचं ते शिकवायची. कपड्याखाली रोज बाळगायचं, म्हणजे पायताण पायाला बसतं तसं अंगाला बसणारं हवं, असं ती म्हणे. टेबलावर चार हत्यारं होती: एक मोठं पिस्तूल, एक मधलं, एक रिव्हॉल्व्हर आणि एक तळहातात मावणारं चिमुकलं. गेलं ते चिमुकलं.

"बार कुणी उडवले?"

"कुणीच नाही. पहिल्या आठवड्यात नुसतं हाताळायचं, नकली काडतुसं भरायची. बार पुढच्या आठवड्यात. शेवटी वारा सुटला, बाबांची पाटी निखळायला लागली, मी धावले बाहेर. तोवर तिघांनी आवरून डबे मिटून ठेवले होते. मी न उघडताच कपाटात ढकलले. जन्मात पहिल्यांदा."

तिघं म्हणजे नर्स लेसी ब्रांट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ओडेसाबाई टिलरी आणि शिकवण्यात मदत करायला आपणहून येणारे निवृत्त पोस्टमास्तर हॉलिस क्रेन.

"पोस्टमास्तरांना सोडा," वेस म्हणाला. "त्यांच्या कमरेला वीस वर्षं पिस्तूल आहे, त्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नाहीत. गेल्या रविवारी पाद्रीबाबांनी चर्चच्या हत्यारबंद राखणदार तुकडीचा म्होरक्या त्यांनाच केलं. उद्या दुपारी सगळी तुकडी वर्नाकडे नेमबाजीला येणार आहे."

"कुणी पाहिलंय ते पिस्तूल?"

"वहिनी, लपवून बाळगायचं असतं ते! दिसलं तर उपयोग काय?"

वर्नाला त्या अवस्थेतही हसू आलं. लिओटा मात्र हसली नाही.

लेसी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये भेटली. तिचे हात स्वच्छ होते, नखं कापलेली, कुठे ओरखडा नाही.

"मला छोटंच हवं होतं, गणवेशाच्या खिशात मावणारं," ती म्हणाली. "पोस्टमास्तरही म्हणाले, छोटंच घे पोरी, छोटं पिस्तूल म्हणजे छोटा झटका. पण वर्नाताईंनी मधलं हातात दिलं आणि सगळी बोटं मुठीत नीट बसली. तिथेच अर्ज भरला, पैसे दिले. आज संध्याकाळी न्यायचंय."

"भीती कुणाची?"

"पूर्वीच्या नवऱ्याची. फोनवर म्हणतो, तुला साधं अंडं नीट फोडता येत नाही, पिस्तूल काय चालवणार!" लेसीने मान वर केली. "शिकतेय मी. नीट शिकणार."

ओडेसाबाई चर्चमध्ये रविवारच्या गाण्यांचा सराव करत होत्या. वय बहात्तर, अंगठ्याला चिकटपट्टी. वेसने ती पाहिली आणि वहिनीला कोपर मारलं.

"काय कोपरं मारतोस रे?" ओडेसाबाई म्हणाल्या. "नकली काडतुसं भरताना नख उलटलं."

"ते छोटं आवडलं का तुम्हाला?"

"आवडायला आधी चालवता यायला हवं! त्याचा वरचा भाग मागे ओढताच येईना. जितकं लहान, तितकी स्प्रिंग कडक. माझे सांधे हे असे. मी रिव्हॉल्व्हर घेणार. ओढायची भानगड नाही, चाप दाबला की झालं. पोस्टमास्तर म्हणत होते, छोटं घ्या, झटका लागत नाही. वर्ना नुसती खोकली."

पोस्टमास्तरांचं घर गावाच्या टोकाला. मागे मैलभर गव्हाचं शेत आणि शेजारी कुणी नाही. त्यांनी ओसरीवर थंडगार चहा आणि अक्रोडासारख्या पेकनची गोड पेस्ट्री पुढे केली. डिश ठेवताना त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात दोन लाल ओरखडे दिसले. जवळजवळ आणि सरळ, शाळेतल्या दुरेघी वहीसारखे.

"काटेरी तार," ते म्हणाले.

"पोस्टमास्तर, तुमच्या ट्रकचा सुटा भाग अजून आला नाही हो," वेस ओशाळून म्हणाला. महिनाभर तो ट्रक इंजिन उघडं टाकून त्याच्याच अंगणात उभा होता.

"असू दे रे. गावभर पायी हिंडतो. बुधवारी कोर्टातही पायीच आलो. तरी तुला तीन डाव हरवलं."

"कोर्टाच्या तळघरात डॉमिनोज खेळतो आम्ही, वहिनी. दारातल्या धातू शोधणाऱ्या तपासणीच्या कमानीत माझं बक्कल दर वेळी कोकलतं, आणि हे आपले शीळ घालत पलीकडे."

लिओटाने पेस्ट्रीचा मोठा घास घेतला. "मलाही पहिलं पिस्तूल घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

"एक ऐका, लहानाच्या नादी लागू नका. नाजूक दिसतं, पण हातात नुसतं उसळतं. मनगट उतरवून ठेवतं. मधलं घ्या, वजनदार."

"याला म्हणतात वीस वर्षांचा अनुभव!" वेस म्हणाला.

परतताना त्याने निकालही देऊन टाकला. "लेसीच. भीती माणसाला काहीही करायला लावते."

"भाऊजी, तुम्ही आज मला तीन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्यात," लिओटा म्हणाली. "तुमच्याशिवाय हे सुटलं नसतं."

वेस खूश झाला. कुठल्या तीन, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

संध्याकाळी सहाला सगळे वर्नाच्या दुकानात जमले. बाहेर वाऱ्याने पाटी करकरत होती.

"ओडेसाबाईंना ते पिस्तूल चालवता येत नाही," लिओटाने सुरुवात केली. "न चालणारं हत्यार त्या कशाला नेतील? लेसीने मधलं निवडून पैसे मोजलेत. ज्याला आपलं हत्यार राजरोस मिळतंय, तो चोरून दुसरं का नेईल?"

"म्हणजे राहिले..." वेस थांबला. "वहिनी, काहीतरी चुकतंय!"

"पोस्टमास्तर गुरुवारी दोघींना म्हणाले, छोट्याला झटका छोटा. नवशिक्याची ही ठरलेली चूक. हलकं पिस्तूल झटका खात नाही, सगळा हातालाच देतं. वर्ना उगाच खोकली नाही. पण आज तेच पोस्टमास्तर मला म्हणाले, लहान उसळतं, मनगट उतरवतं. खरं आहे ते. पण वीस वर्षांत न कळलेलं दोन दिवसांत कसं कळलं? वर्गात तर कुणी बार उडवला नव्हता."

"चिमुकलं पिस्तूल फार वर धरलं, की वरचा भाग मागे येताना बेचक्यात चावतो. दोन समांतर ओरखडे काढतो. काटेरी तार असं मोजूनमापून ओरखडत नाही. गोळ्या किराणा दुकानातही मिळतात आणि घरामागे गव्हाशिवाय कुणी नाही."

"पण त्यांच्याजवळ स्वतःचं आहे!" वेस जवळजवळ ओरडला.

"तुम्ही प्रत्येक बुधवारी त्यांच्याबरोबर त्या कमानीतून जाता, भाऊजी. तुमचं बक्कल वाजतं, त्यांचं काहीच वाजत नाही. बरं, ट्रकमध्ये ठेवून येतात म्हणावं, तर ट्रक महिनाभर तुमच्या अंगणात. मग बुधवारी पिस्तूल होतं कुठे?"

पोस्टमास्तरांनी टोपी काढली.

"कधीच नव्हतं," ते म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी एक दारुडा पोस्टात सुरा घेऊन शिरला. मी कोटात हात घातला. तो पळाला. आत चष्म्याचं घर होतं. लोकांनी ठरवलं, पिस्तूल होतं. मी नाही म्हणालो नाही. मग मीच सांगत सुटलो. आता उद्या सगळ्यांसमोर काढून दाखवायचं होतं. दुसरं दुकान साठ मैलांवर, आणि इथे या काउंटरवर सत्तरी उलटल्यावर पहिलं पिस्तूल मागायला... जीभ रेटेना हो."

वेस त्यांना गाडीतून त्यांच्या घरी नेऊन परत घेऊन आला. ताटपुसण्याच्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल आलं. वर्नाने ते रिकामं आहे ना हे दोनदा तपासलं, डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं.

"मला तुम्हाला तुरुंगात धाडायचं नाही," ती म्हणाली. "नऊच्या आत हत्यार परत आलं, तेव्हा सरकारला कळवायचं कारण उरलं नाही. पण माझ्या दुकानावर दोन दिवस डाग होता. उद्या चर्चमध्ये तुम्ही स्वतः उभे राहून सांगायचं. सगळं. आणि हत्यार आत्ता मी तुम्हाला विकणार नाही. गुरुवारी या, समोरच्या खुर्चीवर बसा, सगळे शिकतात तसे शिका."

रविवारी ते उभे राहिले. चष्म्याच्या घरापासून फडक्यापर्यंत एक शब्द गाळला नाही. वीस वर्षं ज्या माणसाचा वेसला अभिमान होता, त्याचा आज खरा अभिमान वाटला, आणि तो वाटतोय हे त्याने शेजारच्या दोघांना सांगूनही टाकलं.

"म्होरक्या दुसरा निवडा," पोस्टमास्तर म्हणाले आणि बसायला वळले.

"थांबा!" ऑर्गनच्या बाकावरून ओडेसाबाई कडाडल्या. "चाळीस वर्षं या गावात घरोघर पत्रं कुणी वाटली? कोण इथलं, कोण परकं, कोण कुणाच्या जिवावर उठलंय, हे दारातच कुणाला कळेल? पिस्तुलं आम्ही सांभाळू. आम्हाला डोळे हवेत."

पाद्रीबाबांनी हात वर करायला सांगितले. लेसीचा हात सर्वांत आधी वर गेला, वर्नाचा त्याच्या मागोमाग.

पुढच्या रविवारी पोस्टमास्तर इस्त्रीचा कोट घालून पुढच्या दारात उभे होते. हात रिकामे होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते नावाने हाक मारत होते. त्या दारापाशी पायऱ्यांखालपर्यंत रांग लागली. बाजूचं दारही सताड उघडं होतं. त्या दाराने कुणीही आत गेलं नाही.